पबमधलं व्याख्यान: ऐन वेळी कुठे फसतं?

लीड्सकर:
मे महिन्यातल्या 'पाइंट ऑफ सायन्स'साठी (संशोधक पबमध्ये येऊन लोकांना आपलं काम सांगतात, तो महोत्सव) इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका पबची वरची खोली माझ्याकडे आली आहे, अर्थात स्वयंसेवक म्हणून. सलग तीन संध्याकाळी, रोज दोन संशोधक, पन्नासेक खुर्च्या. वक्ते ठरलेत. पबवाल्याशी आधी काय बोलून घ्यायचं, आणि घोळ कुठे होतो?

वायरमन:
खोली बघायला दुपारी जाऊ नका, सात वाजता जा. मेच्या मध्यात तिकडे सूर्य नऊच्या आसपास मावळतो. जाड पडदे नसतील तर काळ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड पार धुऊन निघतात. वक्त्यांना पांढऱ्यावर काळी अक्षरं करायला सांगा. छत बुटकं असेल तर स्क्रीन खाली येते आणि स्लाइडचा खालचा तिसरा हिस्सा पुढच्यांच्या डोक्यांआड जातो. आलेखाचा आडवा अक्ष नेमका तिथेच असतो! तेवढा भाग रिकामा ठेवायला लावा, अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको.

स्लाइड आदल्या दिवशी मागवून एकाच लॅपटॉपवर भरा. दहा मीटरची एचडीएमआय केबल, यूएसबी-सी अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायरी जमिनीला चिकटवायची टेप स्वतःची न्या. जुना प्रोजेक्टर व्हीजीएचा असेल तर त्यातून फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी लागते. वक्ता माइक घेऊन स्पीकरच्या पुढे गेला की शिट्टी वाजते, म्हणून उभं राहायची जागा टेपने आखा. माइकचे जादा सेल खिशात. आणि खालच्या बारचं संगीत वरच्या खोलीतही वाजत असेल तर ते कुठून बंद होतं, हे स्वतः बघून ठेवा. त्या संध्याकाळी ड्यूटीवर असलेल्या पोराला ते ठाऊक असेलच असं नाही.

खुर्चीवाली:
पबवाल्याचं लक्ष गल्ल्यावर, त्यात गैर काही नाही. आठवड्याच्या सुरुवातीला गिऱ्हाईक कमी म्हणून तो खोली फुकट देतो. पण अमुक पौंडांची विक्री झालीच पाहिजे अशी अट आहे का, ते ईमेलवर लिहून घ्या. त्याच दिवशी खाली क्विझ किंवा मोठी फुटबॉल मॅच नाही ना? आगीच्या नियमाने खोलीत किती माणसं चालतात? त्या आकड्यात वक्ते आणि स्वयंसेवकही धरायचे. अठराच्या आतल्यांना वर सोडतात का, आणि लिफ्ट आहे का, हे तिकिटाच्या पानावरच लिहा.

मध्यंतर दहा मिनिटांचं ठेवणं ही नेहमीची चूक. बारवर दोघं असतील आणि एका ऑर्डरला मिनिट लागलं, तर तीस ऑर्डरींना १५ मिनिटं जातात, मग शौचालयाची रांग वेगळीच. २५ मिनिटं द्या आणि मध्यंतराची नेमकी वेळ बारला आधीच कळवा. सातला दार, साडेसातला पहिलं भाषण: २० मिनिटं बोलणं, १० मिनिटं प्रश्न. आठला मध्यंतर, आठ पंचवीसला दुसरं, नऊच्या आत मोकळे.

मागचा बाक:
तुमच्याच लीड्समध्ये १९९८ साली 'कॅफे सायंटिफिक' सुरू झालं. त्या पद्धतीत थोडकं भाषण, मग ग्लास भरायला सुट्टी, आणि नंतर चर्चा. सुट्टीत टेबलाटेबलावर प्रश्न शिजतात. तुम्हीही टेबलांवर चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा, मध्यंतरानंतर पहिल्या वक्त्याला त्यातले दोन प्रश्न द्या. प्रश्न माइकवर पुन्हा सांगा, नाहीतर मागे फक्त उत्तरं ऐकू येतात.

लीड्सकर:
आभार! एका वक्त्याला द्रव नायट्रोजन आणायचाय. चालेल?

वायरमन:
नको. एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खिडक्यांच्या लहान खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याला वासही नसतो. गोठलेल्या केळ्याने खिळा ठोकायचा व्हिडिओ दाखवा म्हणावं. फक्त तेव्हा आवाजाची वायर विसरू नका.