शांघायमध्ये चार दिवस, दोन मुलं आणि आजी : कुठलं थीम पार्क घ्यावं?

कावेरी_के
२९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर शांघाय ठरतंय. मुलगी ९ वर्षांची (१२८ सेमी), मुलगा ४ वर्षांचा (९९ सेमी), आम्ही दोघं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. डिस्नीलँड, लेगोलँड, हायचांग ओशन पार्क आणि हॅपी व्हॅली ही चारही चार दिवसांत बसतील का? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत.

वाटाड्या
आधी तारखा बदला, पार्कांचं मग बघू. १ ते ७ ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी. अख्खा देश फिरायला निघालेला असतो आणि डिस्नीचं तिकीटही त्या दिवसांत चढ्या दराचं असतं. ८ तारखेनंतरचे मंगळवार ते गुरुवार घ्या. एक गंमत लक्षात ठेवा : मोठ्या सुट्टीच्या बदल्यात मागचापुढचा एखादा शनिवार किंवा रविवार सरकार कामाचा दिवस म्हणून जाहीर करतं. तसा वार तुमच्या तारखांत आला तर बिनधास्त जा, मुलं शाळेत असतात.

चार पार्क चार दिशांना आहेत. डिस्नी पुडाँगमध्ये, मेट्रो ११ चं शेवटचं स्टेशन. हायचांग पार आग्नेयेला लिंगांगला, मेट्रो १६ वर. हॅपी व्हॅली साँगजियांगमध्ये, मेट्रो ९ चं शेशान स्टेशन. लेगोलँड (जुलै २०२५ मध्ये उघडलं) नैऋत्येला जिनशान जिल्ह्यात. रोज एक धरलं तर निम्मी सहल मेट्रोतच जाईल. दोन निवडा.

उंचीपट्टी
दोन कुठली, ते मुलांची उंची ठरवते, वय नाही. डिस्नीतल्या राइड्सना लागणारी किमान उंची अशी : सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन ९७ सेमी, सोअरिंग १०२, रोअरिंग रॅपिड्स १०७, ट्रॉन १२२. म्हणजे मुलगी सगळीकडे चालेल. मुलगा माइन ट्रेनला जेमतेम बसतो आणि सोअरिंगला तीन सेंटीमीटरने हुकतो. घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, नीट मोजून घ्या. केस फुगवून किंवा टाचा उचलून काही होत नाही, दारावर पट्टी लावतातच.

मुलगा जिथे बसू शकत नाही तिथे 'रायडर स्विच' मागा. एक मोठा माणूस मुलाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. हे रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. आत अर्ध्यावर पोचून सांगितलं तर उपयोग नाही.

ट्रॉनवर मोटारसायकलसारखं पुढे वाकून बसायचं असतं. मागून पाठीला पट्टा टेकतो आणि पोटऱ्या अडकवल्या जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून बसावं.

सकाळी गेट उघडल्यावर सगळे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या झूटोपिया विभागाकडे पळतात. तुम्ही सोअरिंग आधी उरका, तिथली रांग दिवसभर हलत नाही. झूटोपियासाठी वाटल्यास अ‍ॅपमधून प्रीमियर अ‍ॅक्सेस घ्या. हा जादा पैसे देऊन मोठी रांग टाळायचा पास. तो राइडगणिक वेगळा विकतात, त्यामुळे सगळ्याचा संच घेण्यात अर्थ नाही.

माझं मत : डिस्नी आणि लेगोलँड. हॅपी व्हॅली मोठ्या कोस्टरवाल्यांची, चार वर्षांच्या पोराला तिथे फारसं काही नाही.

वाटाड्या
लेगोलँडऐवजी मी हायचांग म्हणेन. आजी सोबत आहेत, मत्स्यालयात त्यांनाही बघण्यासारखं आहे. लेगोलँड फक्त मुलांचं.

नोटाबंद
तिकीट आणि पैशांचं सांगते, कारण लोक अडकतात ते इथेच.

तिकीट पासपोर्टवर निघतं. नाव आणि आडनाव पासपोर्टच्या क्रमानेच भरा, क्रमांक दोनदा तपासा. त्या दिवशी सगळ्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेत, फोटो चालेल असं समजू नका. डिस्नीत ३ ते ११ वर्षं आणि ६० वर्षं व त्यापुढे सवलतीचं तिकीट आहे, सासूबाईंचं विसरू नका.

अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं चिनी अॅप) निघण्यापूर्वीच सुरू करा. कार्ड जोडताना ओटीपी तुमच्या नेहमीच्या सिमवर येतो, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेले नसतील तर कार्ड जोडलं तरी पैसे जात नाहीत. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं. त्यामुळे जेवणाचं २६० चं बिल असेल तर दोन जणांच्या फोनवरून निम्मं-निम्मं द्या.

सिम चिनी घेतलंत तर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल बंद. स्वतःचं सिम रोमिंगवर ठेवलं तर दोन्ही चालतात.

मेट्रोत १.३ मीटरखालचं एक मूल एका मोठ्या माणसासोबत मोफत. तुमची दोन्ही मुलं बसतात.

कावेरी_के
धन्यवाद! तारखा १३ ते १६ ऑक्टोबर केल्या. खाण्याचं आणि सासूबाईंचं काय करू?

उंचीपट्टी
२०१९ पासून डिस्नीत बाहेरचा खाऊ नेता येतो. अट एवढीच की गरम करावा लागू नये आणि उग्र वास नको. कोरडा खाऊ भरून न्या. बाहेर जेवताना नुसतं 'वो छ्र सू' (मी शाकाहारी खाते) म्हणून भागत नाही, भाजीत ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते. मांस, मासे, अंडं, ऑयस्टर सॉस, चरबी नको असं चिनी अक्षरांत लिहून ते दाखवा. देशात येताना मात्र मांस, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं आणायला बंदी आहे.

आजींसाठी पायरेट्स ऑफ द कॅरिबियन उत्तम, बोटीत बसायचं आणि उंचीची अट नाही. व्हीलचेअर आत भाड्याने मिळते, सकाळीच घ्या. रात्रीचे फटाके संपले की सगळे एकदम मेट्रोकडे वळतात. शेजारच्या डिस्नीटाउनला तिकीट लागत नाही, तिथे आजींना अर्धा तास बसवा आणि गर्दी ओसरू द्या. पण शेवटच्या मेट्रोची वेळ दुपारीच बघून ठेवा.

नोटाबंद
राहिलं एक. चीनमध्ये आतल्या आत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेवर ३सी (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) चिन्ह हवं, नाहीतर ती विमानतळावरच ठेवून घेतात. जून २०२५ पासूनचा नियम आहे.