वर्गात खरंच कामाला आलेली ॲप्स आणि साइट्स: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
परवा शाळेतलं कपाट आवरताना गुंडाळीचा जुना नकाशा निघाला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यात गोदावरी म्हणजे एक निळी रेघ. आमची शाळा त्र्यंबक तालुक्यात, ब्रह्मगिरी खिडकीतून दिसतो, पण नदी पुढे कुठे जाते ते त्या रेघेवरून पोरांना समजायचंच नाही. मग गूगल अर्थ लावलं. ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, रामकुंड, नांदूरमध्यमेश्वर, पैठण, नांदेड करत करत थेट राजमहेंद्री आणि समुद्र, १४६५ किलोमीटर. रामकुंड आल्यावर "सर, माझ्या मावशीचं घर इथंच आहे" असा गलका. समुद्र लागला तेव्हा एकीने विचारलं, आपल्याकडचा पाऊस तिथपर्यंत जातो का? कागदावरचा नकाशा दाखवून हा प्रश्न कधी आला नव्हता. तुमचंही लिहा, पण नुसती नावं नकोत, पोरांचं काय झालं ते सांगा.

विज्ञानवाली
फेट!! पडद्यावर प्रयोग करून बघायची साइट, त्या प्रयोगांना सिम्युलेशन म्हणतात. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, फुकट आहे आणि बरीचशी सिम्युलेशन्स मराठीत आहेत. सर्किटचं लावलं की पोरं स्वतः बॅटरी, वायर, बल्ब जोडतात. शॉर्ट केलं की पडद्यावर बॅटरीला आग लागते, ते बघायला सगळी मुद्दाम शॉर्ट करतात आणि करू द्यायचंच, कारण मग "आग का लागली" हे तीच एकमेकांना समजावतात, मला बोलावंच लागत नाही

सुरगाण्याहून
ताई नेट लागतं का त्याला? आमच्याकडे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं

विज्ञानवाली
नाही दादा, एकेक सिम्युलेशन डाउनलोड होतं, मग ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. नाशकात आलात की पेनड्राइव्हमध्ये भरून न्या

सुरगाण्याहून
हे भारी काम झालं. मी सरकारच्या दीक्षा ॲपवर असंच करतो, पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करायचा, व्हिडिओ उतरवून ठेवायचे, वर्गात दाखवायचे. किविक्स म्हणून साइट्स नेटशिवाय वाचायचं ॲप आहे, त्यावर मराठी विकिपीडियासुद्धा ऑफलाइन ठेवलाय. माझं स्पष्ट मत, जे नेटशिवाय चालत नाही ते आमच्यासाठी साधनच नाही, प्रशिक्षणात कितीही छान दिसू दे

सिडकोची आई
मी शिक्षिका नाही, लिहिलं तर चालेल ना. मुलगी दुसरीत, मराठी वाचायचाच कंटाळा. तिच्या बाईंनी स्टोरीविव्हर सांगितलं, प्रथम बुक्सचं. गोष्टींना पातळ्या आहेत १ ते ४, पहिल्या पातळीत पानावर एखाद-दुसरं वाक्य आणि मोठं चित्र. आता रात्री ती मला वाचून दाखवते आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. मोठ्याचं दहावीचं वर्ष आहे, एकच फोन घरात, त्यावरून रोज भांडणं, त्याला उपाय कुणाकडे असेल तर सांगा बाई

गोदाकाठ
ताई, चालेल काय, जरूर लिहा. त्या गोष्टी पीडीएफमध्ये उतरवता येतात. झेरॉक्स काढा, फोन मोठ्याला द्या.

सिडकोची आई
अय्या हे सुचलंच नव्हतं

निवृत्त गुरुजी
सर्वांस नमस्कार. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून लिहितो. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन सगळं उभं राहतं. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे मुलाच्या बोटांना समजतं. मग पुलाच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात ते फळ्यावर लिहावं लागत नाही. मराठी पुस्तकेही तिथे मोफत आहेत. पडद्यावर बघून हाताने करायचं, मला हेच सर्वांत पटलं.

विज्ञानवाली
गुरुजी 🙏 ती नळी आता कुठे मिळते पण, सगळ्या ट्यूबलेस झाल्या

निफाडकर
निफाडला या, पोतंभर देतो 😀 बरं माझंही ऐका. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ, २०२० मध्ये रामसर दर्जा (पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, तरी आमची पोरं सगळ्याला "बगळा" म्हणायची. मर्लिन ॲप घेतलं, आवाज ऐकवला की पक्षी ओळखायचा प्रयत्न करतं, आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक एकदा उतरवला की नेट नको. कधीकधी चुकतं, मग पोरं पुस्तक काढून ॲपशी वाद घालतात. त्या वादात जेवढं शिकली तेवढं माझ्या तासाला कधी शिकली नसतील. हिवाळ्यात सहल काढा, सकाळी लवकर या, नंतर गर्दी होते

इंदिरानगर
आम्ही येतो जानेवारीत, द्राक्षं मिळतील ना तेव्हा

निफाडकर
मळ्यात या, खाऊन जा

गणित ८वी
जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या काढून हलवायचं ॲप. त्रिकोणाचा कोपरा ओढा, कोनांची बेरीज १८० ला हलत नाही. पोरांनी पाच मिनिटं नुसता ओढून ओढून बघितला. सविस्तर रात्री लिहितो, पेपर तपासायचेत

सुरगाण्याहून
कुणाला जुना प्रोजेक्टर दुरुस्त करून देणारा माहितेय का, रंग सगळा पिवळा येतोय

इंदिरानगर
आधी केबल बदलून बघा सर, मग एमजी रोडला विचारा. शनिवारी मी जाणारच आहे, सोबत या