मदत हवी आहे: टोंगारिरो नॉर्दर्न सर्किट, मुलांसोबत, पावसात

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑकलंडला राहतो. मागच्या डिसेंबरात नवरा, मी, १३ वर्षांची लेक आणि ९ वर्षांचा मुलगा, असे पाठीवर बॅगा घेऊन नॉर्दर्न सर्किटला, म्हणजे न्यूझीलंडमधल्या टोंगारिरोच्या ज्वालामुखी भागातल्या वर्तुळाकार पायवाटेला निघालो. साधारण ४५ किलोमीटर, तीन मुक्काम. पहिली रात्र मांगाटेपोपो हटमध्ये (वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत) छान गेली. दुसऱ्या दिवशी साउथ क्रेटर या ज्वालामुखी विवराच्या सपाटीवर पोहोचलो आणि आडवा पाऊस सुरू झाला. न्गाउरुहोए ज्वालामुखी शेजारी असूनही दिसेना. वाऱ्याने बॅगेचं कव्हर उडवून नेलं. मुलाला चॉकलेटचा कागद फोडता येईना, बोटं इतकी बधिर झाली होती. ते पाहिलं आणि तिथूनच परत फिरलो. निर्णय बरोबर होता, पण लेक वाटभर रडली.

यंदा पुन्हा जायचंय. तिथे उन्हाळ्यातही (इथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा) बर्फ पडू शकतो, म्हणून आधीच विचारते.

उलट्या दिशेने, म्हणजे आधी वाइहोहोनू, मग ओटुरेरे हट करत गेलं तर रेड क्रेटरचा (वाटेवरचं सगळ्यात उंच ठिकाण, १८८६ मीटर) टप्पा शेवटाकडे येतो आणि चांगल्या हवेची वाट बघायला दिवस हाताशी राहतात. पण मग रेड क्रेटरखालच्या एमराल्ड लेक्स तळ्यांपासून त्या भुसभुशीत लाव्हाच्या खड्यांवरून चढावं लागेल. लहान मुलांसोबत कोणी चढलंय का? पाय किती घसरतात?

मुलांचे हात कोरडे कसे ठेवता? आमचे लोकरीचे हातमोजे तासाभरात पिळून काढावे लागले.

आणि वारा किती असला की तुम्ही हटमधून निघतच नाही? खरं सांगा, मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे.