खडूचं कवच कार्बन गाडतं की सोडतं?

भरतीओहोटी (धागाकर्ता):
आइसलँडच्या दक्षिणेला किंवा कॉर्नवॉलजवळ समुद्र मधूनच दुधाळ निळा-हिरवा होतो, त्याचे उपग्रहातून काढलेले फोटो अनेकांनी पाहिले असतील. तो रंग कोकोलिथोफोर नावाच्या एकपेशीय प्लवकांचा. पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी, अंगावर कॅल्साइटच्या, म्हणजे खडू आणि चुनखडी ज्याची बनते त्या खनिजाच्या, चकत्या. अशा फोटोखाली ओळ ठरलेली: "हे जीव हवेतला कार्बन खडूत कोंडून ठेवतात." ही ओळ दिशाभूल करते, ती लिहिणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरला की खडू होतो, हे तिथूनच डोक्यात बसलं. पण समुद्र म्हणजे चुन्याची निवळी नव्हे. तिथला बहुतेक कार्बन बायकार्बोनेट होऊन आधीच विरघळलेला असतो. कवचासाठी दोन बायकार्बोनेट लागतात. एकाचा कार्बन खडूत जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, तीच ही अभिक्रिया. सुटलेला काही वायू पाणी पुन्हा सामावून घेतं, तरी आजच्या समुद्रात खडूच्या दर १०० रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ६० रेणू मोकळे होतात.

गाळउपसा:
अभिक्रिया बरोबर, निष्कर्ष अर्धा. तीच पेशी प्रकाशसंश्लेषणही करते, ते जमेच्या बाजूला धरलंच नाहीत. आणि वजनाचं काय? मेलेल्या प्लवकांचा लगदा पाण्याहून जेमतेम जड असतो, कॅल्साइट पाण्याच्या २.७ पट. चकत्या विष्ठेच्या गोळ्यांत आणि चिकट चोथ्यात अडकतात आणि सगळा ऐवज, त्यातल्या सेंद्रिय कार्बनसकट, भराभर खाली जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर सापळे, म्हणजे वरून पडणारा गाळ गोळा करणारी भांडी, लावले. मोसमी वाऱ्यांच्या काळात वरून पडणारा गाळ वाढतो, हे त्यातूनच कळलं, आणि त्या गाळात चुनखडीचा वाटा मोठा असतो. जगभरच्या खोल सापळ्यांतही जिथे चुनखडी जास्त, तिथे सेंद्रिय कार्बन जास्त. हे नुसतं सोडून देता येणार नाही.

भरतीओहोटी:
प्रकाशसंश्लेषण धरलं नाही, कारण त्यातून तयार झालेलं बहुतेक सगळं वरच्या काहीशे मीटरमध्येच खाल्लं जातं आणि श्वसनातून पुन्हा पाण्यात येतं. वजनाचा मुद्दा मोलाचा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणजे एकीनं दुसरीला खाली ओढलं, असं होत नाही. चिकट सेंद्रिय लगदाच चकत्यांना गोळा करून नेत असेल, हीही शक्यता संशोधकांनी मांडली आहे. शिवाय बंगालच्या उपसागरात वजनाचं काम गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ करतो. त्यात कार्बन डायऑक्साइड सुटण्याचा भुर्दंड नाही.

खडकवाचक:
तुम्ही दोघंही वरच्या पाण्यातच अडकलात. खोल तळावर चुनखडीचा गालिचा अंथरला तो मुख्यतः याच जीवांनी आणि फोरॅमिनिफेरांनी (चुनखडीचं कवच करणारे दुसरे एकपेशीय जीव). त्यांच्याआधी चुनखडी बहुतांश उथळ किनारी समुद्रात साचायची. ५.६ कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्रचंड कार्बन आला आणि समुद्र आम्लतेकडे झुकला, तेव्हा तळावरचा हाच साठा विरघळला. विरघळताना अभिक्रिया उलटी चालते, कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. पृथ्वी सावरली त्यात या साठ्याचा हात होता. अशा जीवाला "कार्बन सोडणारा" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

भरतीओहोटी:
मान्य, पण त्या सावरण्याला लाखभर वर्षांहून अधिक काळ लागला. फोटोखालची ओळ वाचणारा माणूस स्वतःच्या नातवंडांच्या काळाचा विचार करत असतो.

गाळउपसा:
मग नातवंडांच्या काळाचंच बोलू. समुद्राची आम्लता वाढल्यावर चकत्या विद्रूप होतात, कवच कमी बनतं, असं २००० साली प्रयोगातून दिसलं. २००८ च्या दुसऱ्या प्रयोगात नेमकं उलट, कवच वाढलं. आणि उत्तर अटलांटिकच्या नमुन्यांत १९६५ ते २०१० दरम्यान कोकोलिथोफोर सापडण्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या वर गेलं. तुमच्या हिशेबानं ही वाईट बातमी, माझ्या हिशेबानं नाही. यावर काय म्हणणं आहे?

भरतीओहोटी:
वाईटच म्हणेन. खोल सापळ्यांतला सेंद्रिय कार्बनही त्याच प्रमाणात वाढलेला दाखवा, मग मत बदलेन. डायटम हे दुसरे एकपेशीय प्लवक सिलिकाचं, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचं, कवच करतात. तेही जड, आणि करताना कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. त्यांची जागा कोकोलिथोफोरांनी घेतली, तर समुद्राची कार्बन ओढून घेण्याची ताकद कमी होते. दुधाळ समुद्राचा फोटो पाहताना मला हीच भीती वाटते.