बाबांच्या लॅपटॉपमध्ये बनावट अँटिव्हायरस, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांच्या लॅपटॉपवर (विंडोज ११) परवा अचानक भोंगा वाजायला लागला आणि स्क्रीनभर लाल चौकट आली: ‘व्हायरस सापडला आहे, संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा.’ चौकट काही केल्या हटेना, म्हणून घाबरून त्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने ॲनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचं ॲप) टाकायला लावलं, एक ‘क्लीनर’ बसवला आणि पैसे मागितले. ओटीपी सांगणार एवढ्यात आईने वायफायच बंद केलं, म्हणून वाचलो.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे बाबांना आता पटलंय. पण धसका गेलेला नाही, लॅपटॉपला हातच लावत नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मी ॲनीडेस्क आणि क्लीनर काढले, क्रोममधल्या अनोळखी साइटच्या नोटिफिकेशन बंद केल्या, नेटबँकिंगचा पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलला. तरी कोपऱ्यात ‘तुमचं संरक्षण संपलं’ अशी पट्टी येतेच आहे.

विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन पुरेल की विंडोज नव्याने टाकावं? घरचे सगळे फोटो त्यातच आहेत; पेनड्राइव्हवर घेतले तर सोबत काही येईल का? आणि पैसे गेले नसले तरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार घेतात का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.