मदत हवी आहे : एमडी पॅथॉलॉजीनंतर कॅन्सरकडे वळायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट आहेत, एमडी झालेल्या. लॅबमध्ये रक्त-लघवीचंच काम जास्त. स्तनाच्या गाठीची बायॉप्सी आली आणि ईआर, पीआर, हर-टू (कोणते उपचार लागू पडतील ते सांगणाऱ्या तपासण्या) बघायची वेळ आली की ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) थेट मुंबईला. त्यांना आता ऑन्कोपॅथॉलॉजीच (म्हणजे कॅन्सरच्या निदानाची पॅथॉलॉजी) शिकायचीय. नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन ३ वर्षांचं डीएम (एमडीनंतरची पदवी) करावं, की परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्याहून कमी मुदतीची फेलोशिप? लेक चौथीत आहे, त्यामुळे इतकी वर्षं घराबाहेर म्हणजे अवघडच. मला फेलोशिप बरी वाटते. पण फ्रोझन सेक्शनवर (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायचा; पेशंट टेबलावर, सर्जन रिपोर्टसाठी खोळंबलेला!) हात बसायला तेवढा काळ पुरतो का? कुणी केलं असेल तर सांगा. पुणे-बेळगावकडचं काही असलं तरी चालतंय.