आधी हजार सबस्क्रायबर, मग स्टेज?

गिरणाकाठ: काल एका भावाने नव्या अहिराणी गायकांना सल्ला दिला: "आधी चॅनलवर हजार सबस्क्रायबर करा, स्टेज आपोआप चालत येईल." डोकं उठलं, म्हणून लांबण लावतो. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास हा यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशाचा निकष आहे, गळ्याचा नव्हे. स्टुडिओत ओळ ओळ तोडून गाणाऱ्याचा दम हळदीच्या मांडवात तिसऱ्या गाण्यालाच जातो. आधी दहा गाणी उभ्याने, सलग, वही न बघता म्हणा. घरी पेटीच्या काळी दोन पट्टीत जमतं ते मांडवात एक पायरी खाली, काळी एकला धरा. सगळ्यात चढं गाणं चौथं-पाचवं ठेवा, पहिलं कधीच नाही.

तापीचा_पूर: सल्ला माझाच होता. मांडवात बोलावतं कोण, ते सांगा ना! लग्नघरचे लोक व्हिडिओ बघूनच फोन लावतात. आणि ढोलकी, बँजो, ऑक्टोपॅड असा ताफा नव्या पोराला परवडतो का? आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या ट्रॅकवर एकटा गातो, भागतं.

शेवभाजी_धुळे: ट्रॅकचं नाव काढलंच आहे तर ऐका. फोनची स्टिरिओ पिन एकाच वायरने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये, म्हणजे दोन तारांतला फरक तेवढा घेणाऱ्या भोकात, खुपसतात. मग डावा-उजवा एकमेकांतून वजा होतात आणि मधोमध असलेली ढोलकी आणि बास गायब! उरतो नुसता घुमारा. दोन पिनांची वाय वायर घ्या, दोन चॅनल वापरा. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर अंतऱ्यात मामाचा फोन वाजतो. ट्रॅक दुसऱ्या फोनवरही ठेवा.

काळी_पाच: आणि बाजारातले बहुतेक ट्रॅक पुरुषांच्या पट्टीत, त्याचं काय? ॲपमध्ये चार-पाच सूर चढवले की ढोलकी डबड्यासारखी वाजते. दोन सुरांपर्यंत ठीक, पुढे ट्रॅक नव्यानेच करून घ्यावा लागतो. हा खर्च कोणी धरतच नाही.

शेवभाजी_धुळे: ताई, बरोबर. पण खरा रोग एकोचा, म्हणजे आवाजाच्या पडसादाचा. आपल्याकडचा साऊंडवाला एकोचं बटण भरपूर चढवून विसरतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. एको ३५०ला असेल तर प्रत्येक शब्द पुढच्याच्या डोक्यावर बसतो. अहिराणीत शब्द भराभर येतात, मागच्या रांगेला काय कळणार? २५० किंवा ५०० धरा, नाहीतर बंद करा.

मिक्सरमागचा: सगळं साऊंडवाल्याच्या माथी मारू नका, भो. गायक माइकची जाळी मुठीत आवळतो, तेव्हा बाजूचा आणि मागचा आवाज अडवायचा माइकचा गुणच संपतो आणि शिटी सुरू. वर मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, स्वतःच्या पाठीमागे मागतो! तो समोर, माइकच्या शेपटीच्या दिशेने हवा. माइक तोंडापासून दोन बोटं. अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल जातात, मग मी गेन वाढवतो, आणि शिटीची शिवी मलाच.

शेवभाजी_धुळे: मग शिटीच्या, इक्वलायझरवरच्या तीन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्या खाली ओढायला हात दुखतात का तुमचे?

मिक्सरमागचा: ओढतो ना. पण बोल तिथेच असतात. जास्त ओढलं की तुम्हीच ओरडणार, "आवाज घुसमटला." बोटांचा विळखा काढला तर ओढायची वेळच येत नाही. दहाला कर्णे बंद करायचे असतात, त्यात साडेसहाची साऊंड चेक तुम्ही साडेआठला करता.

गिरणाकाठ: धागा कुठे होता, कुठे गेला!

काळी_पाच: बरं, चॅनलवर येते. श्रावणात आपल्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी चॅनलवर चढवणाऱ्यांनो, परंपरेचं गाणं कोणाच्या मालकीचं नाही, पण त्याचं दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग त्याचंच. त्याच्या ट्रॅकवर गाऊन टाकलं की यूट्यूबचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जाऊ शकतात. लग्नात वाजवायला कायद्यात सूट आहे, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये. चॅनलला ती लागू नाही. नवं गाणं असेल तर गीतकाराशी कागद आधीच करा, चहावर नको.

तापीचा_पूर: घ्या, म्हणजे व्हिडिओ लागतोच! कबूल करा.

गिरणाकाठ: लागतो, बाबा. पण कट न मारलेला दोन मिनिटांचा, एका टेकमध्ये, नुसते ओठ न हलवता खरंच गायलेला. तुमच्या चॅनलवर तसा एकही नाही.

तापीचा_पूर: ड्रोन शॉट असतो त्यात, तो एका टेकमध्ये कसा येईल?

मिक्सरमागचा: ड्रोन शे तर माइक कशाला पाहिजे!